चितेगावच्या दाराबाहेरचे कर्नल

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा मी वायरलेस रूममध्ये बॅटऱ्या चार्जिंगला लावत होतो. सकाळचे सव्वादहा झाले होते. हेडक्लार्क दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काशिनाथ, अल्फा कंपनी आफ्रिकेला चालली. शांतिसेनेत. आणि नवा कंपनी कमांडर कोण येतोय ठाऊक आहे? तुमच्या नानासाहेबांचा मुलगा."

मी तेव्हा हवालदार होतो, कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. माझं गाव देवगाव रंगारी. नानासाहेब म्हणजे आमच्या जिल्ह्याचे सर्वांत मोठे पुढारी. मंत्री होते, पुढं मंत्री ठरवणारे झाले. आमच्या शिवारातला तलाव त्यांच्या सहीनं झाला आणि माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळ्यात हिरवं रान पाहिलं. आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो होता. तेव्हा त्यांचा मुलगा माझा कंपनी कमांडर होणार म्हटल्यावर माझी छाती किती फुगली असेल ते तुम्हीच समजा.

मेजर अभय आले त्याच दिवशी मी सॅल्यूट ठोकून सांगितलं, "साहेब, मी देवगाव रंगारीचा. आपल्या नानासाहेबांचा..."

"हवालदार," ते मध्येच म्हणाले, "इथं मी कोणाचा कोणी नाही. कळलं?"

"येस सर."

"ही गोष्ट कंपनीत पुन्हा निघायला नको. बाहेर तर मुळीच नको. हा हुकूम समजा."

त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर नुसतं 'अभय' होतं. आडनाव नाही. मीही इथं लिहीत नाही. शहरात तुम्हाला ते कोणीही सांगेल, आणि त्याबरोबर चार वाईट शब्द फुकट देईल. त्या चार शब्दांसाठीच मी हे लिहायला बसलोय. मी लेखक नाही. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे, पहिल्या शिफ्टला. पण जे मला ठाऊक आहे ते या शहरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, आणि ते मी बारा वर्षं गिळून बसलो होतो.

पुढाऱ्याचा मुलगा म्हणून मेजरांना काय मिळालं ते आधी सांगतो. उत्तरेच्या सीमेवर बर्फातल्या दोन पोस्टिंग मिळाल्या. डाव्या हाताच्या करंगळीचं पेर तिथंच राहिलं. बापाच्या एका फोनवर दिल्लीत खुर्ची मिळाली असती. तो फोन होऊ नये म्हणून हा माणूस घरी पत्रात पोस्टचं नावसुद्धा लिहीत नसे.

आफ्रिकेतल्या त्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथं दोन टोळ्यांची लढाई होती आणि मध्ये आम्ही, निळ्या टोप्या घालून. आमचा कॅम्प धावपट्टीच्या कडेला होता. पाच वाजता रिव्हेलीचा बिगुल, साडेपाचला स्टँड-टू म्हणजे शस्त्र घेऊन मोर्चावर, सहाला पीटी, आठला पाण्याचा टँकर, नऊला पेट्रोल म्हणजे गस्त. चिखल लाल. चिखलात गाडी फसली की अर्धा दिवस गेला. तिथली माणसं उंच, सडसडीत, आणि सगळा जीव गायींमध्ये. लग्न गायींवर, भांडण गायींवर.

आमच्या कंपनीत हे सगळं कोणाला लगेच कळलं असेल तर नायक लिंबाजी पांढरेला. लिंबाजी चितेगावचा, पैठण रोडवरच्या. धनगराचा मुलगा. भरतीला येईपर्यंत मेंढरांमागं हिंडलेला. बोलायला कमी, पण जनावराकडं बघून सांगायचा की हिला काय होतंय. मला ड्यूटीवर हवालदार साहेब म्हणायचा आणि ड्यूटी संपली की दादा.

एकदा गस्तीवर असताना एका मुखियाची गाय फुगून आडवी व्हायला आली होती. सगळे हातावर हात ठेवून उभे होते. लिंबाजीनं रायफल माझ्याकडं दिली, गायीला चढावर पुढचे पाय वर येतील असं उभं केलं, तोंडात आडवी काठी दिली, आणि मेसच्या डब्यातलं तेल पाजलं. अर्ध्या तासात गाय मोकळी झाली. म्हाताऱ्या मुखियानं लिंबाजीचा हात धरला तो सोडेना. आमचा दुभाषा जोसेफ तिथल्या शाळेचा मास्तर होता, आमच्यात राहून थोडं हिंदी शिकलेला. तो म्हणाला, "हे विचारतायत, तू कोणाचा मुलगा?"

आपल्याकडंही पहिला प्रश्न हाच असतो. गाव विचारायचं आणि लगेच, कोणाचा रं तू? लिंबाजीला हसू आलं. म्हणाला, "सांगा त्यांना. मी लिंबाजी, खंडूचा. खंडू म्हाळूचा. म्हाळू बिरूचा."

मुखियानं मान डोलावली. त्यानंही आपल्या सात पिढ्या सांगितल्या. मग दूर नकाशा बघत उभ्या असलेल्या मेजरांकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, "आणि तुमचा सरदार? तो कोणाचा?"

"मला म्हाईत नाय," लिंबाजी म्हणाला. त्याला चांगलं माहीत होतं. सगळ्या कंपनीला माहीत होतं. पण हुकूम होता.

मुखियाच्या तोंडावर जरा तिरस्कार आला. बापाचं नाव माहीत नसलेला सरदार! ते मला सोसलं नाही. लिंबाजीनं माझ्याकडं बघून डोळ्यानं नको म्हटलं. मी मोडक्या इंग्रजीत जोसेफला सांगितलंच. आमच्या साहेबांचे वडील लई मोठे पुढारी आहेत. त्यांच्या एका सभेला लाख माणूस जमतो. मंत्री त्यांच्या दारात उभे राहतात.

जोसेफनं सांगितलं. मुखियानं नवलानं तोंडानं 'च्च' केलं आणि मेजरांकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं. मला वाटलं, आता कशी इज्जत वाढली. परतताना मी खुशीत होतो. लिंबाजी गाडीत एवढंच म्हणाला, "दादा, हे बरं नाय केलं."

"काय बिघडलं रे? खोटं थोडंच बोललो?"

"खरं व्हतं म्हणून तर."

अकरा दिवसांनी ते बाहेर आलं.

चाळीस किलोमीटरवर एक दवाखाना होता. तिथल्या जखमींना आणि बायका-मुलांना आमच्या कॅम्पमध्ये आणायचं होतं. तीन ट्रक, बासष्ट माणसं. सकाळी पावणेआठला आम्ही तिथून निघालो. पुढं मेजरांची गाडी, मागं माझी, मध्ये ट्रक. नऊ पंचवीसला रस्त्यावर आडवं झाड टाकलेलं दिसलं. झाडामागं शंभरेक जण, हातात रायफली. मुखियाचा पुतण्या त्यांचा कमांडर होता. वय पंचविशीच्या आत. अंगात फुटबॉलचा शर्ट.

मेजर उतरले. पिस्तूल काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि सरळ चालत जाऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसले. जोसेफ शेजारी बसला. मी पाठीवर रेडिओ घेऊन मागं.

कमांडर म्हणाला, "ट्रकमध्ये आमचे दुश्मन लपलेत."

"नाहीत. येऊन बघ."

त्याची माणसं बघून आली. बायका, पोरं, सलाइन लावलेली माणसं. तरी त्याचा विश्वास बसेना. त्यानं बराच वेळ मेजरांकडं पाहिलं आणि म्हणाला, "ट्रक सोडतो. आमचा एक माणूस सोबत येईल. सगळे तुमच्या कॅम्पमध्ये उतरले आणि कोणी बंदूक घेऊन बाहेर पडलं नाही, असं त्यानं येऊन सांगितलं की तुला सोडतो. तोवर तू इथं. तू मोठ्या माणसाचा मुलगा आहेस. तुला ठेवलं की तुझे लोक दगा देणार नाहीत."

"कोणी सांगितलं, मी मोठ्या माणसाचा मुलगा आहे म्हणून?"

कमांडरनं माझ्याकडं बोट केलं.

मेजरांनी वळून माझ्याकडं पाहिलं. एक सेकंद. रागावले नाहीत. त्यापेक्षा त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. ती नजर अजून माझ्या मानेवर आहे.

मी बटालियन हेडक्वार्टरला मेसेज दिला. उत्तर आलं, "अल्फा, निगेटिव्ह. अधिकारी मागं ठेवायचा नाही. सगळे मागं फिरा. ओव्हर."

मागं फिरणं म्हणजे बासष्ट माणसं पुन्हा त्याच दवाखान्यात सोडणं. आणि दवाखान्यावर त्या रात्री हल्ला होणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मेजरांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला.

"अल्फा बोलतोय. ट्रक पुढं जातील. मी इथं थांबतोय. ही जबाबदारी माझी. आउट."

हँडसेट माझ्या हातात देऊन म्हणाले, "काशिनाथ, ट्रक घेऊन निघा."

"साहेब, चूक माझी आहे. मी थांबतो."

"तुमचा बाप मंत्री होता का? मग तुम्हाला ठेवून ते काय करतील? निघा."

तेव्हा लिंबाजी गाडीतून उतरला. रायफल ड्रायव्हरकडं दिली आणि मेजरांशेजारी मांडी घालून बसला.

"नायक, तुला हुकूम दिलेला नाही," मेजर म्हणाले.

"व्हय साहेब. मनानंच बसलोय. ह्यांच्या गायी मला वळखतात."

मी त्यांच्याकडं लहान वॉकीटॉकी ठेवली आणि दहा पस्तीसला ट्रक हलवले. रस्ताभर मी मागं वळून पाहिलं नाही. एक चाळीसला आम्ही कॅम्पमध्ये पोहोचलो. बासष्टच्या बासष्ट उतरले. एका बाईला ट्रकमध्येच मुलगी झाली होती, ती धरून त्रेसष्ट. मधल्या टेकडीवरच्या रिले सेटवरून मी मेजरांना कळवलं.

"रॉजर," मेजर म्हणाले. मग जरा थांबून, "लिंबाजी म्हणतोय, परत येताना चहापत्ती आणा. यांचा चहा त्याला आवडत नाही."

बटालियनचा हुकूम आला की कुमक येईपर्यंत मी कॅम्प सोडायचा नाही. मी रेडिओचा आवाज बारीक केला, आवाज तुटतोय असं दोनदा सांगितलं, आणि कमांडरच्या माणसाला गाडीत घालून निघालो. खिशात चहापत्तीचा पुडा होता.

मी वाटेत असताना तिथं काय झालं ते नंतर जोसेफनं सांगितलं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

साडेतीनच्या सुमाराला विरोधी टोळीनं जवळच्या गायींच्या तळावर हल्ला केला. त्यांचा आमच्या ट्रकशी काही संबंध नव्हता. पण धूर दिसला आणि बोंब उठली की निळ्या टोपीवाल्यांनी दुश्मनाला वाट दाखवली. कमांडर तळाकडं धावला. मेजरही त्याच्याबरोबर गेले. आमची माणसं यात नाहीत, मी वॉकीटॉकीवर विचारून दाखवतो, असं ते त्याला कामापुरत्या इंग्रजीत चालता चालता सांगत होते. रस्त्याकडेच्या एका झाडाखाली लिंबाजी आणि जोसेफ राहिले.

तेवढ्यात कमांडरच्याच टोळीची, दुसऱ्या तळावरची सात-आठ पोरं धावत आली. त्यांनी मेजरांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे भाऊ तिकडं मेले होते. एकानं जोसेफच्या छातीवर रायफल टेकवून विचारलं, "तो मोठ्या माणसाचा मुलगा कुठंय?"

लिंबाजीला ती भाषा मोडकीतोडकी यायला लागली होती. त्यानं विचारलं, "मास्तर, काय इचारतेत? साहेबाला?"

जोसेफनं मान डोलावली.

लिंबाजी उठला. निळी टोपी काढून झटकली, पुन्हा नीट घातली. छातीवर हात ठेवून त्यांच्याच भाषेत म्हणाला, "मी." आणि मेजर ज्या दिशेला गेले होते, त्याच्या बरोबर उलट्या दिशेला चालायला लागला. पोरं त्याच्या मागं. जोसेफ ओरडणार होता. लिंबाजीनं वळून त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचं तोंड मिटलं.

साहेबांना कळलं असतं तर ते स्वतः पुढं झाले असते. म्हणून त्यानं कळू दिलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी एक गोळी वाजली.

मी पावणेपाचला पोहोचलो तेव्हा म्हातारा मुखिया आणि त्याची चार माणसं लिंबाजीला गायीच्या कातड्यावर घेऊन येत होती. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते. ज्यांनी गोळी घातली त्या पोरांना त्यानं दोर बांधून मागं चालवत आणलं होतं. मेजर लिंबाजीच्या उशाशी गुडघ्यावर बसले. टोपी सरळ केली. मला म्हणाले, "हवालदार, टाइम लिहून घ्या." मी लिहिलं. सोळा पन्नास.

पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. त्यांचा मोठा प्रश्न हाच होता की अधिकाऱ्याच्या घराण्याची माहिती बाहेर गेली कशी. साक्षीच्या आधी मी मेजरांना गाठलं. म्हटलं, "साहेब, मी खरं सांगणार."

"तुम्ही गप्प बसणार. तुमचं नायब सुभेदारीचं प्रमोशन समोर आहे, दोन मुली आहेत. कंपनीत जे घडतं ते कंपनी कमांडरचं असतं."

"पण साहेब..."

"हुकूम आहे."

आत जाऊन त्यांनी सांगितलं, "माहिती माझ्याकडून गेली." तीन शब्दांत माझी चूक त्यांच्या नावावर गेली. वरून बटालियनचा हुकूम मोडल्याचा ठपका होताच. सिव्हिअर डिस्प्लेजर मिळालं. म्हणजे कागदावर काळी रेघ. बटालियनची कमांड मिळवायची, हे त्या माणसाचं एकच स्वप्न होतं. ते तिथं संपलं. मी मात्र वेळेवर नायब सुभेदार झालो. घरी पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही, पण ते कोणाला सांगायचं?

आता एम्बसीचं. इथं चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, 'धनगराचं पोरगं मारून घेतलं आणि बापाच्या वशिल्यानं परदेशात एम्बसीत जाऊन बसला.' ऐका मग. दोन वर्षांनी तिथल्या टोळ्या वाटाघाटीला बसल्या, तेव्हा त्या म्हाताऱ्या मुखियानं अट घातली. ट्रक सोडवायला जमिनीवर बसला होता तो अधिकारी आणा, मगच बोलू. म्हणून तोवर नुसत्या नोकरीच्या वर्षांवर लेफ्टनंट कर्नल झालेल्या अभय यांना तिथल्या आपल्या वकिलातीत मिलिटरी अटॅशेचे, म्हणजे लष्करी प्रतिनिधीचे, सहायक म्हणून पाठवलं. वशिला होता, नाही कसा? एका गुराख्याचा होता. तिथं ते तीन वर्षं राहिले. दवाखान्याच्या रस्त्यावर कोणी बंदूक काढणार नाही, असा करार त्यांनी दोन्ही टोळ्यांकडून करून घेतला. मलेरिया दोनदा झाला. लढाई पुन्हा पेटली तेव्हा आपल्या वाळूजचे नऊ फिटर तिथल्या एका कारखान्यात अडकले होते. त्यांना स्वतः गाडी चालवत विमानापर्यंत यांनीच आणलं. त्यातले दोघं अजून माझ्या गेटवरून ड्यूटीला जातात. या वेळी तिथं नेत्याचा मुलगा म्हणून त्यांना कोणी ओळखलं नाही. जोसेफनं पत्रात लिहिलं होतं, लोक त्यांना 'लिंबाजीचा सरदार' म्हणतात.

आणि इथं? लिंबाजीच्या आईला, गयाबाईला, इन्क्वायरीतलं तेवढंच एक वाक्य कळलं. साहेबानं स्वतःच सांगितलं म्हणे, मी कोणाचा मुलगा. तिनं त्याचा सरळ अर्थ लावला. "बापाचं नाव मिरवाया गेला आन् माझं लेकरू खाल्लं."

लिंबाजीच्या तारखेला कर्नल साहेब दरवर्षी चितेगावला यायचे. जगाच्या कुठल्याही टोकाला असोत, यायचेच. पहिल्या वर्षी गयाबाईनं दार लावून घेतलं. तेव्हापासून ते घरासमोरच्या कुंपणापाशी तासभर सावधानमध्ये उभे राहायचे, सॅल्यूट करायचे आणि जायचे. मार्चमधलं ऊन. सावली नाही. मी आत बसलेला असायचो. कारण मी लिंबाजीचा दादा, गयाबाईचा मानलेला मुलगा. मला पाट, मला चहा. दारातून मला समोर कर्नल साहेब दिसायचे. बारा वर्षं मी तो चहा प्यालो. आधी हुकुमाची सबब होती, मग सुभेदारीची. पेन्शनीत निघाल्यावर एकही सबब उरली नव्हती. उरला होता फक्त भित्रेपणा, आणि तो मी सैन्यात शिकलेलो नाही. तो माझा स्वतःचा.

या वर्षी काही लोकांनी कर्नल साहेबांना निवडणुकीला उभं करायचं ठरवलं. साहेबांनी हात जोडून नाही म्हटलं. तरी चौकात बॅनर लागले, नानासाहेबांचा वारसा म्हणून. मग विरोधी बाजूच्या लोकांनी गयाबाईच्या दारात मोबाइल नेला. तिचं ते वाक्य व्हिडिओ होऊन सगळ्या शहरात फिरलं. माझ्या गेटवर शिफ्ट बसमधून उतरणारी पोरं ते बघून कर्नल साहेबांना शिव्या घालत होती. मी एकाचा मोबाइल हातातून ओढून घेतला आणि मग माझ्याच लक्षात आलं की शिव्या चुकीच्या नाहीत, फक्त पत्ता चुकला आहे.

मी कर्नल साहेबांना फोन केला. "साहेब, काहीतरी बोला."

"काय बोलू? एका आईला खोटं ठरवू?"

"मग मी बोलतो."

"काशिनाथ, हुकूम..." मी फोन ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा अधिकाऱ्याचा फोन मध्येच तोडला.

त्या तारखेला मी दहाला चितेगावला पोहोचलो. गयाबाईनं चहा दिला. भिंतीवर लिंबाजी निळ्या टोपीत. बाहेर साडेदहाला गाडी थांबल्याचा आवाज आला. दारातून मला पांढरा शर्ट दिसला. केस आता पिकलेत त्यांचे.

"मावशी," मी म्हटलं, "त्या लोकांना साहेबांच्या बापाचं नाव साहेबांनी नाही सांगितलं. मी सांगितलं. लिंबाजी नको म्हणत होता तरी सांगितलं. साहेबांनी माझ्यासाठी ते आपल्या अंगावर घेतलं."

तिला आधी समजलं नाही. "कोनी?"

"मी. ह्या तोंडानं."

मला वाटलं, रडेल, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं पुढं होऊन माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला.

"बारा वरीस तू इथं सावलीत बसून च्या पेलास. आन् त्यो मानूस उन्हात."

"व्हय, मावशी."

"ऊठ. भाईर जाय. त्याच्या जागंवर हुभा ऱ्हाय."

मी उठलो. ती माझ्या आधी दारात आली. पदर डोक्यावर ओढला आणि कुंपणाकडं बघून म्हणाली, "साहेब, आत या. लई ऊन झालं."

कर्नल साहेब हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"तुम्हाला हुकूम होता, काशिनाथ."

"होता साहेब. मोडला."

ते चपला काढून, वाकून त्या बुटक्या दारातून आत गेले. मी कुंपणापाशी त्यांच्या जागी सावधानमध्ये उभा राहिलो. आतलं ऐकू येत होतं. त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं. फुगलेली गाय, ट्रक, मुखिया, झाडाखालची पोरं. तिनं एकच प्रश्न विचारला.

"भ्याला व्हता का?"

"नाही. जोसेफनं पाहिलं. टोपी नीट केली आणि चालत गेला."

मग आतून रडण्याचा आवाज आला. एकटीचा नव्हता.

मी तिथं पावणेदोनपर्यंत उभा होतो. मला कोणी आत बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो. पुढच्या वर्षीही तिथंच उभा राहणार आहे, पाय साथ देतील तोवर. तो व्हिडिओ फिरवणाऱ्यांनी यावं आणि बघावं. ज्यांना नेत्याच्या मुलाबद्दल अजून काही बोलायचं असेल त्यांनी वाळूजला माझ्या गेटवर यावं, सकाळी सात ते तीन. मी पळून जाणारा नाही आता.

पण येताना एक नाव पाठ करून या. नायक लिंबाजी खंडू पांढरे, राहणार चितेगाव. मोठ्या माणसाचा मुलगा कोण, असं बंदूक रोखून विचारलं, तेव्हा तो उठून उभा राहिला. त्याचं उत्तर खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.